मोकळ्या माथ्याचं पाणी

शहरातल्या रस्त्याखालून जाणारं भुयारी गटार हा आमच्या शास्त्राप्रमाणे कालवा आहे. सिमेंटचा गोल पाइप, वर दोन-तीन मीटर माती, त्यावर डांबर आणि रहदारी, तरीही कालवाच. उलट, शेतांमधून उघड्यावर वाहत आलेला कालवा एखाद्या ओढ्याखालून सायफनमधून पलीकडे निघतो, तेव्हा तेवढ्या अंतरापुरता तो पाइप झालेला असतो. वर छप्पर आहे की नाही, याला महत्त्व नाही. पाण्याच्या माथ्यावर हवा आहे की नाही, ते बघायचं. माथा मोकळा असेल आणि त्यावर फक्त वातावरणाचा दाब असेल, तर तो उघडा प्रवाह. पाणी चहूबाजूंनी भिंतीला भिडलेलं असेल, तर तो बंद नळाचा प्रवाह.

गटार तुडुंब भरून वाहू नये अशीच त्याची आखणी करतात. सर्वांत जास्त सांडपाणी येण्याच्या वेळीही पाणी व्यासाच्या ८० टक्क्यांच्या वर चढू नये, वरची जागा हवेला आणि वायूंना राहावी, असा आपल्याकडचा दंडक आहे. गोल पाइप काठोकाठ भरला की त्यातून सर्वांत जास्त पाणी जाईल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते जातं पाणी ९४ टक्के उंचीला असताना; पूर्ण भरलेल्या पाइपापेक्षा सात-आठ टक्के जास्त. वर्तुळाच्या अगदी वरच्या भागात पाण्याला जागा मिळते थोडी, पण भिंत घासते पुष्कळ. शेवटचे ते सहा टक्के भरताना नवीन पाण्यापेक्षा घर्षणच जास्त वाढतं.

मी पाटबंधाऱ्यांच्या कामावर शाखा अभियंता होते, बहुतेक काळ मराठवाड्यात. उमेदीची वर्षं कालव्यांवर गेली आणि नोकरीच्या उत्तरार्धात चाऱ्यांच्या जागी जमिनीखालून पाइप टाकायचं काम आलं. राज्यात आता बऱ्याच ठिकाणी हाच बदल चालू आहे. त्यावरच्या चर्चेत गळती किती वाचली, बाष्पीभवन किती वाचलं, जमीन किती मोकळी झाली एवढंच येतं. ते सगळं खरं आहे. पण उघडं पाणी आणि कोंडलेलं पाणी ही दोन वेगळ्या स्वभावाची पाणी आहेत आणि त्या फरकाचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

कालव्यातलं पाणी चालतं ते फक्त उतारावर. जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पैठणहून निघून जालन्याच्या रानांतून परभणी जिल्ह्यात जातो. एवढ्या लांबीच्या कालव्याला उतार फार देता येत नाही. भरभर खाली उतरला तर पुढची रानं त्याच्या वर राहतील, त्यांना पाणी चढणार नाही. म्हणून मोठ्या कालव्यांचा तळ एका किलोमीटरमध्ये दहा-वीस सेंटिमीटरच खाली जातो. डोळ्यांना तो सपाटच दिसतो. त्या अल्पशा उतारावर गुरुत्वाकर्षण पाण्याला पुढे ओढतं, तळ आणि काठ त्याला मागे धरतात. दोन्ही जोर सारखे होतात त्या खोलीला पाणी स्थिर होतं.

उघड्या प्रवाहाचं मर्म या खोलीत आहे. कालव्यात पाणी जास्त सोडलं की ते वर चढतं, कमी केलं की उतरतं. तळात गवत माजलं की वेग मंदावतो आणि तेवढंच पाणी न्यायला खोली वाढते. कालव्यावर जे काही बरंवाईट घडतं ते पाण्याच्या पातळीत उमटतं. फ्रान्सच्या आंत्वान शेझी यांनी पॅरिसला पाणी आणायच्या कालव्यासाठी अठराव्या शतकात याचं पहिलं सूत्र मांडलं. आज जगभर वापरतात ते सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाचं. त्यांनी ते १८८९ मध्ये मांडलं, आणि या माणसाचं अभियांत्रिकीचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. सूत्रात खडबडीतपणाचा एक आकडा असतो. सिमेंटचं अस्तर केलेल्या कालव्याला आम्ही तो ०.०१८ धरायचो. अस्तर फुटलं, भेगांतून गवत उगवलं, गाळ बसला, की तोच आकडा सहज ०.०३ होतो. म्हणजे त्याच उताराला, त्याच खोलीला, पाणी निघतं पूर्वीच्या साठ टक्के. कागदावरची क्षमता आणि शेवटच्या चारीवरची ओरड यांच्यातलं अंतर बहुतेकदा या एका आकड्यात असतं. दरवर्षी आवर्तनाआधी गवत काढा म्हणून आम्ही मागे लागायचो ते याच कारणासाठी.

हे सूत्र न शिकता पाणी ओळखणारी माणसं मी पाहिली. आमच्याकडे एक पाटकरी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पुलाच्या खांबावर त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या, गेरूने ओढलेल्या. बाभळीची काटकी पाण्यात टाकून ते एका मैलदगडापासून ठरलेल्या झाडापर्यंत तिच्याबरोबर चालत आणि तेवढ्यावरून पाणी किती चाललंय ते सांगत. माझं वेगमापक यंत्र पाण्यात उतरवून मी मोजायचे, तेव्हा फार फरक पडत नसे. त्यांच्या अंदाजात एक बारकावा होता. काटकीचा वेग तो पाण्याचा वेग, असं ते धरत नसत. "वरचं पाणी पळतंय मॅडम, खालचं रांगतंय," असं म्हणून ते काही वजा करत. पुस्तकात तीच गोष्ट आकड्यात आहे: पृष्ठभागावरच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग मिळतो. यंत्राने मोजायचं तर ते माथ्यापासून खोलीच्या ०.६ पट खाली धरायचं, कारण तिथला वेग सरासरीच्या जवळ असतो. आणि सर्वांत वेगवान पाणी उघड्या कालव्यात माथ्याच्या किंचित खाली असतं. बंद पाइपात ते बरोबर मध्यावर.

मामांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट मी पुढे प्रत्येक नव्या कनिष्ठ अभियंत्याला दाखवत आले. संथ कालव्यात खडा टाका. तरंगांचं वर्तुळ पाण्याबरोबर खाली वाहत जातं, पण त्याची वरची कड प्रवाहाच्या विरुद्ध, उगमाकडेही सरकते. आता तोच खडा सांडव्याच्या उतारावरून धावणाऱ्या पाण्यात टाका. एकही तरंग वर चढत नाही, सगळे खाली ओढले जातात. पहिल्या पाण्यात खाली काय घडलं याची खबर वर पोचते. कुणी खाली दरवाजा बंद केला की वरची पातळी चढते. दुसऱ्या पाण्यात ती पोचत नाही. उथळ तरंगाचा वेग खोलीवर ठरतो. एक मीटर खोल पाण्यात तो सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. पाणी त्याहून हळू चाललं तर ते संथ जातीचं, जास्त वेगाने चाललं तर शीघ्र जातीचं. शीघ्र पाणी पुढे संथ पाण्याला भेटतं तिथे ते फेसाळत उसळी घेऊन एकदम वर चढतं. धरणाच्या सांडव्याच्या पायथ्याशी ही उसळी मुद्दाम घडवून आणतात, पाण्याचा जोर तिथेच मोडावा म्हणून.

कालव्यावरचं पाणी मोजायचं साधन याच भेदावर उभं आहे. चारीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी निमुळत्या भिंती आणि मध्ये अरुंद गळा असलेलं एक पक्कं बांधकाम दिसतं. खात्यात त्याला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम म्हणतात. पुण्यात क्लॉड इंग्लिस यांनी १९२० च्या दशकात त्यावर पुष्कळ काम केलं; खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. गळ्यात पाणी संथाचं शीघ्र होतं, त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते अलीकडच्या पाण्याला कळत नाही. मग अलीकडच्या भिंतीवरच्या पट्टीवर फक्त उंची वाचायची आणि तक्त्यातून क्युसेक काढायचे. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, जवळजवळ २.८ पट होतं. म्हणून पट्टीवर बोटभर फरकासाठी दोन पाणी वापर संस्था हातघाईवर आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांचं बरोबरच होतं. बोटभर उंचीत एकरभर भिजणं असतं.

आता पाइपाकडे येते. पाइपात पाणी कितीही सोडा, त्याला वर चढायला जागा नाही. जास्तीचं सगळं दाबाच्या रूपाने साठतं, आणि दाब दिसत नाही. पण तो दिसेल अशी कल्पना करता येते. वाहत्या पाइपाला वरून भोक पाडून त्यात एक उभी नळी बसवली, तर पाणी त्या नळीत काही उंचीपर्यंत चढून थांबेल. थोड्या थोड्या अंतरावर अशा नळ्या बसवल्या आणि त्यांतल्या पातळ्या जोडणारी रेषा काढली, तर ती रेषा पाइपाच्या वर हवेत, टाकीकडून शेवटाकडे उतरत जाईल. हा त्या पाण्याचा खरा माथा. कालव्यात तो पाण्यावरच असतो, पाइपात तो आकाशात असतो. या रेषेचा उतार म्हणजे घर्षणाने खर्च झालेली ताकद.

ही रेषा कळली की पाइपाची बरीच वागणूक उलगडते. पाइप दरीत उतरवा, टेकाडावर चढवा, जोवर तो या रेषेच्या खाली आहे तोवर पाणी दाबाने चालतं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला जाणाऱ्यांनी हे तिथे बघावं. हर्सूलकडून खापराच्या नळांतून जमिनीखालून आलेलं पाणी पाणचक्कीपाशी उंच भिंतीत वर चढतं आणि हौदात धबधब्यासारखं कोसळतं. तिथे पंप नाही. पाणी जिथून निघालं त्या जागेची उंची नळांमधून चालत आलेली असते, वाटेत घर्षणाला जेवढी गेली ती वजा होऊन. पाणचक्कीच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने त्याच शहराला नहर आणली. शहरातल्या जुन्या नहरींच्या वाटेवर अंतराअंतराने खांबासारखे मनोरे उभे आहेत. त्यांत पाणी आपल्या उंचीला चढतं, अडकलेली हवा निघून जाते, दाब मोकळा होतो. मॅनिंग आणि शेझी यांच्या कितीतरी आधी हे बांधणाऱ्यांना ती अदृश्य रेषा ठाऊक होती, असंच मला ते मनोरे पाहताना वाटतं. त्यांची आजची पडझड पाहवत नाही.

पाइपात व्यासाला फार मोल आहे. तेवढंच पाणी न्यायचं असेल आणि व्यास निम्मा केला, तर घर्षणात जाणारी उंची दुप्पट-चौपट नाही, सुमारे ३२ पट होते. पैसे वाचवायला कुणी ११० मिलिमीटरच्या जागी ६३ चा पाइप टाकला, तर घर्षणात जाणारी उंची जवळपास १६ पट होते. गावोगाव नळयोजनेच्या शेवटच्या गल्लीत पाणी चढत नाही त्याचं मूळ बऱ्याचदा असल्या एखाद्या तुकड्यात असतं. कालवा अरुंद झाला तर तिथे पाणी फुगतं, लोकांना दिसतं. पाइपातला अरुंद तुकडा जमिनीखाली गाडलेला असतो.

वेळेच्या बाबतीत तर ही दोन पाणी दोन टोकांना आहेत. पैठण डाव्या कालव्याच्या २०८ किलोमीटरला सेकंदाला सरासरी ०.९ मीटर वेग धरला तरी पाण्याला ६४ तास लागतात, आणि कोरडा कालवा आधी भिजायचा असतो म्हणून प्रत्यक्षात जास्तच. शेवटच्या गावाला आज पाणी हवं असेल तर निर्णय आठवड्याच्या सुरुवातीला घ्यायला हवा. चुकून जास्त सोडलं तर परत घेता येत नाही, एस्केपमधून नाल्यात काढून द्यावं लागतं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि पाणी वस्तीत शिरलं. अशा वेळी धरणावरचा दरवाजा लगेच बंद केला तरी वाटेतल्या कालव्यात असलेलं पाणी वाहून संपेपर्यंत लोट थांबत नाही.

पाइपात खबर जाते दाबाच्या लाटेने, लोखंडी पाइपात सेकंदाला साधारण एक किलोमीटर. पाच किलोमीटर लांब पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह फिरवला की पाच सेकंदांत ते टाकीला कळतं आणि आणखी पाच सेकंदांत लाट परत येते. या दहा सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह गपकन बंद केला, तर मागून येणाऱ्या सगळ्या पाण्याला तिथल्या तिथे थांबावं लागतं. एक मीटर वेगाने चाललेलं पाणी असं अडवलं तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब वाढतो. मॉस्को शहराच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचा हिशेब मांडला. प्लॅस्टिकचा पाइप थोडा ताणला जातो, म्हणून त्यात हा दणका बराच कमी बसतो, पण सांधे निखळायला तेवढाही पुरतो. व्हॉल्व्ह सावकाश फिरवा, असं आम्ही सांगतो त्यामागे हे आहे. आणि टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह, ज्यातून फवारा उडतो आणि बाया तिथे घागरी लावतात, तो फोडू नका असं सांगतो, कारण उंचवट्यावर साठलेली हवा निघाली नाही तर पाण्याची वाटच अर्धी बुजते.

आता चारी जाऊन पाइप आला की शेतकऱ्याचं काय होतं ते. कालव्यावर मुखाशी असलेला सुखी आणि टेलचा दुःखी, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पाइपात हा न्याय बदलतो. तिथे ज्याचं रान सखल, त्याच्या तोंडाशी दाब जास्त. ज्याचं रान उंच, त्याच्याकडे पाणी गुळणीएवढं. टेलचा माणूस सखलात असेल तर तो मुखवाल्यापेक्षा जास्त ओढतो. ज्यांच्या विहिरी चारीच्या पाझरावर भरत होत्या, त्यांचं पाणी हटतं. हिशेबात जी गळती वाचली ती कुणाच्या तरी विहिरीचा झरा होती. यावर उपाय नाहीत असं नाही, पण ते आराखड्यातच धरायला हवेत, पाइप पुरल्यावर नाही.

एक गोष्ट मात्र पाइपाच्या बाजूची आहे. फ्ल्यूमवर उंची दुप्पट झाली की पाणी २.८ पट होतं. पाइपाच्या तोटीवर दाब दुप्पट झाला तर पाणी फक्त १.४ पट. म्हणजे दाबात थोडाफार फरक राहिला तरी वाटपात अन्याय त्या मानाने कमी होतो. योग्य मापाची तोटी बसवली तर पाइप कालव्यापेक्षा समान वाटू शकतो. माझा पाइपाला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की दाब लोकांना दिसला पाहिजे.

एका लहान प्रकल्पावर पाइप सुरू झाल्यावर पहिल्याच आवर्तनात तक्रारी आल्या. उंचावरच्या रानाला पाणी पोचेना. मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "कालव्यात पाणी दिसत होतं मॅडम. इथं काहीच दिसंना. मग भांडायचं कुणासंगं?" दाबाचे काटे मागवले होते ते मोठ्या दाबाचे निघाले, आमच्या दोन-तीन मीटरच्या दाबाला काटा जागचा हलेना. मग गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणला. प्रत्येक तोटीच्या अलीकडे छोटं भोक, त्यात तो पाइप, आणि शेजारी रोवलेल्या बांबूला तो उभा बांधलेला, वरचं तोंड उघडं. पाणी सुरू करताच त्यात पातळी चढली आणि थरथरत थांबली. बांबूवर मामांनी गेरूने खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी सखलातल्या शेतकऱ्याने आपल्या तिन्ही तोट्या उघडल्या तेव्हा वरच्या रानातल्या नळीतलं पाणी छातीएवढ्या उंचीवरून गुडघ्याएवढं उतरलं. वरचा शेतकरी मोबाइलवर बोलत होता. "भाऊ, एक तोटी बंद करा बरं." खालून उत्तर आलं, "केली." नळीत पाणी मांडीपर्यंत आलं. "अजून एक." पाणी कमरेच्या वर गेलं. दोघांनी मिळून कुठली तोटी किती आटे उघडायची ते तिथल्या तिथे ठरवलं आणि मामांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या चकात आता पाळी उंच रानापासून सुरू होते, ती पूर्ण होईपर्यंत सखलातल्या तोट्या दोन आट्यांवर ठेवतात, आणि खुणेच्या खाली पाणी गेलं तर फोन कुणी कुणाला करायचा तेही त्या वहीत लिहिलेलं आहे.